समोरच्या मुलीची रॅकेट

माझ्या मुलीच्या रॅकेटची तार पहिल्यांदा तुटली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि मला वाटलं रॅकेटच फुटली. फटाक्यासारखा आवाज आला. सुरतेत पर्वत पाटियाच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये बॅडमिंटनची दोन कोर्टं होती, तिथे ती शिकायला जायची. मी बाकावर बसून सातवीच्या वह्या तपासत होते. ती रडवेल्या चेहऱ्याने रॅकेट घेऊन माझ्याकडे आली.

"गटिंग तुटलं," तिचे सर लांबूनच म्हणाले. "बेन, बाकीच्या तारा आत्ताच कापून टाका."

मला ते पटलं नाही. एक तार तुटली म्हणून बाकीच्या चांगल्या तारा का कापायच्या? मी रॅकेट पिशवीत घातली, पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली, आणि मे महिन्याच्या उन्हात ती चार दिवस तिथेच राहिली. पाचव्या दिवशी बाहेर काढली तर फ्रेम एका बाजूने चेपल्यासारखी झाली होती. उरलेल्या तारांनी तिला आपल्याकडे ओढून घेतलं होतं.

मी पालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. ओढ, दाब, समतोल हे शब्द फळ्यावर लिहून लिहून माझी बोटं पांढरी होतात. आणि माझ्याच डिकीत एक रॅकेट असमतोलाने वाकली. सर नुसते हसले. ते हसणं मला फार लागलं.

पुढची तीन-चार वर्षं तारा तुटतच राहिल्या. मुलगी जसजशी जोरात मारायला लागली तसतशी तिला तार बारीक हवी झाली. जाड तार जास्त दिवस टिकते, पण बारीक तारेवरून शटल झपकन सुटतं, हाताला हलकं लागतं, आवाजही खणखणीत येतो. त्या आवाजावरच मुली भाळतात. शिवाय प्रत्येकीला ताण जास्त हवा. ताण पाऊंडात मोजतात. आमच्याकडच्या ज्या मुली चोवीसवर खेळायच्या त्या अचानक सव्वीस, अठ्ठावीस असे आकडे बोलायला लागल्या. बारीक तार आणि वर अठ्ठावीसचा ताण, म्हणजे ती तुटणारच. गटिंग करणारा, म्हणजे तारा बांधून देणारा माणूस तापीच्या पलीकडे राहायचा. रॅकेट दिली की तीन दिवस परत येत नसे, आणि ते तीन दिवस माझी मुलगी घरात तोंड फुगवून बसे.

एके दिवशी मी म्हटलं, हे मीच शिकते.

माझे यजमान नोकरीसाठी रोज बारडोलीला जा-ये करतात. तिथे एका निवृत्त क्रीडाशिक्षकांकडे गटिंगचं जुनं मशीन पडून असल्याचं त्यांना कळलं. टेबलावर ठेवायचं, हाताने फिरवायचं मशीन. एका रविवारी आम्ही दोघं जाऊन ते घेऊन आलो. बसमध्ये मी ते मांडीवर धरून बसले होते. कंडक्टरने विचारलं, "बेन, शिलाई मशीन?" मी हो म्हणून टाकलं.

घरी दिंडोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते खिडकीजवळ मांडलं, आणि खिडकीजवळच्या खाटेवर नाना होते.

नाना म्हणजे माझे वडील. मी त्यांना लहानपणापासून नाना म्हणते. माझ्या मुलीच्या गुजराती मैत्रिणींना वाटतं, आईचे वडील म्हणून ती त्यांना नाना म्हणते. त्यांचंही बरोबरच आहे. धुळ्याकडच्या गावातून नाना तरणेपणी सुरतेत आले आणि अडतीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, कारीगर होते. माझं लहानपण नवागामच्या एका खोलीत गेलं, भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम चालायचे. त्या आवाजाने नानांचे कान गेले. आता मोठ्याने बोललं तर ओठांकडे बघून त्यांना अर्धं कळतं. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात, आणि अहिराणी सोडून दुसरं काही बोलायचा त्यांना कंटाळा येतो.

पहिली रॅकेट बांधायला मला सगळी दुपार लागली. आधी उभ्या तारा ओढायच्या, मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सारख्या, नाहीतर फ्रेम परत वाकायची. मग आडवी तार एकीवरून, एकीखालून विणत न्यायची. प्रत्येक ओळ ओवली की मशीनचं हँडल फिरवायचं. ठरलेला ताण आला की ते खट्‌कन थांबतं, मग तार चिमट्यात धरायची आणि पुढची ओळ. बोटांची टोकं सोलली गेली. नाना खाटेवरून बघत होते. बऱ्याच वेळाने उठून आले आणि म्हणाले, "हाई ते ताणाबाणा शे."

मी मान हलवली. खरंच, कापडातल्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखा तो ताणाबाणाच होता. त्यांना खेळाचं काही ठाऊक नव्हतं. पिसांचं ते फूल दाखवून मी म्हटलं, याला शटल म्हणतात. तेव्हा ते पोट धरून हसले. लूमवरच्या धोट्यालाही शटलच म्हणतात, आणि आयुष्यभर त्यांनी तेच चालवलं होतं.

रॅकेट पूर्ण झाल्यावर मी तळहातावर आपटून आवाज ऐकला. सगळे तसंच करतात, आवाजावरून ताण कळतो. मला तो ठीक वाटला. नानांनी रॅकेट घेतली. आवाज त्यांच्या कामाचाच नव्हता. त्यांनी अंगठा तारांवरून हळूहळू फिरवला, दाबत दाबत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि डावीकडच्या तिसऱ्या-चौथ्या तारेवर थांबले.

"आठे ढिल शे," ते म्हणाले. इथे सैल आहे.

मी म्हटलं, सगळं मशीनने ओढलंय नाना, सैल कसं असेल? ते खाटेवर जाऊन बसले. मला राहवलं नाही. मी मशीन तपासलं, तर डाव्या बाजूच्या चिमट्याचा स्क्रू झिजलेला होता. तार धरल्यावर ती केसभर मागे सरकत होती. केसभरच, पण तेवढं त्या अंगठ्याला कळलं होतं.

मी स्क्रू बदलून घेतला, आणि त्या दिवसापासून घरात तसा नियमच पडला. मी बांधायचं, नानांनी तपासायचं.

मुलगी पंधराची झाली तेव्हा आमचं मोठं भांडण झालं. तिला सगळ्यात बारीक तार अठ्ठावीसवर हवी होती. मी बांधून दिली, दोन दिवसांत तुटली. परत दिली, तीही तुटली. तिसरी तुटल्यावर ती म्हणाली, "तुझं मशीन जुनं आहे आई. तार ओढतानाच खराब होते."

मला वाईट वाटलं आणि वाटलं, असेलही. फ्रेमच्या भोकांत प्लास्टिकच्या नळ्या असतात. त्यांची कड तुटली की तार कापली जाते, म्हणून मी त्या एकेक तपासून बघितल्या. सगळ्या धड होत्या. मी डोकं धरून बसले असताना नाना म्हणाले, "कोठे तुटनी, ते देख आधी."

कुठे तुटली ते आधी बघ. खात्यात धागा तुटला की कारीगर आधी तेच बघतो, हे मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. तुटलेल्या तिन्ही तारा कचऱ्याच्या पिशवीतच होत्या. मी त्या काढून वर्तमानपत्रावर पसरल्या. आम्ही बापलेक मोजायला बसलो. तिन्ही तारा जवळजवळ एकाच जागी तुटल्या होत्या. मध्ये नाही, तर वर, फ्रेमला लागून डाव्या अंगाला. मध्यभागी तार झिजून तुटते तेव्हा तिथे बारीक खाचा पडलेल्या असतात. या टोकांना खाच नव्हती. सरळ तुटली होती, ताजी.

म्हणजे दोष तारेचा नव्हता आणि मशीनचाही नव्हता. शटल रॅकेटच्या मध्यावर बसतच नव्हतं. मुलगी फटक्याला उशीर करत होती.

हे मी तिला सांगितलं आणि घरात आगडोंब उसळला. "नानांना बॅडमिंटन काय कळतं?" ती ओरडली. "त्यांनी एकदा तरी मॅच बघितलीय का?" नानांना ऐकू गेलं नाही, पण तिचा चेहरा त्यांनी वाचला. ते उठून गॅलरीत गेले. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी हात आवरला आणि तिला म्हटलं, "ठीक आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आपण प्रयोग करू."

तिच्याकडे एकसारख्या दोन रॅकेटी होत्या. मी दोन्हींना एकच बारीक तार बांधली, एक अठ्ठावीसवर, एक चोवीसवर. कुठली कुठली ते ओळखण्यासाठी एकीच्या मुठीवरच्या पट्टीखाली लाल दोरा ठेवला. पण आवाजावरून तिला लगेच कळलं असतं. म्हणून कोर्टवर गेल्यावर मी तिच्या हातात कापूस दिला.

"हे काय?"

"कानात घाल. आज नानांसारखं खेळायचं."

तिला हसू आलं, पण तिने कापूस घातला. सर शटल देत राहिले, ती पाळीपाळीने दोन्ही रॅकेटींनी मारत राहिली. तास झाला. शेवटी तिने एक रॅकेट उंच धरली आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "ही! ही अठ्ठावीसची. हिच्यावरून शटल बघ कसं जातंय."

मी पट्टी सोडली. आत लाल दोरा होता. लाल म्हणजे चोवीस.

मग तिने कानातला कापूस काढला आणि सरांना म्हणाली, "सर, मी उशिरा मारते का?" सर म्हणाले, "सहा महिने झाले, तेच तर सांगतोय."

घरी आल्यावर ती आधी गॅलरीत गेली. नानांच्या पायाशी बसून तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही, मी मुद्दामच स्वयंपाकघरात राहिले. पण त्या दिवसानंतर ती पंचवीसवर खेळायला लागली, सरांनी तिच्याकडून पायांचे व्यायाम करून घेतले, आणि तीच बारीक तार, जी दोन दिवसांत तुटायची, ती तीन-तीन आठवडे टिकायला लागली.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस. राज्याच्या स्पर्धा पुढच्या वर्षी सुरतेतच होत्या आणि माझी मुलगी उपांत्य फेरीत पोचली होती. मी शाळेतून रजा काढली होती आणि मशीन रिक्षात घालून हॉलवर नेलं होतं, कारण तिथल्या एकट्या गटिंगवाल्यापुढे रॅकेटींची रांग लागलेली असायची. नानाही आले. पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी. फाटकावरच्या स्वयंसेवकाने त्यांना अडवलं.

"काका, आप किसके साथ?"

मी पुढे होऊन काहीतरी सांगणार होते. शाळेच्या फॉर्मवर, बँकेच्या कागदांवर वडिलांचा व्यवसाय विचारला की मी वर्षानुवर्षं 'खाजगी नोकरी' लिहीत आले आहे. लूम कारीगर असं एकदाही लिहिलं नाही. पण नानांनी त्याचे ओठ वाचले होते. छाती पुढे काढून ते हिंदीत म्हणाले, "मैं तार देखता हूँ. लूम का कारीगर हूँ." स्वयंसेवक बाजूला झाला. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, त्यात लाजही मिसळलेली होती, माझी स्वतःची.

आम्ही जिन्याखाली जागा धरली. सामन्याला दीड तास होता. तेवढ्यात माझी मुलगी एका उंच मुलीला हाताला धरून घेऊन आली. त्या मुलीचे डोळे लाल होते.

"आई, हिच्या दोन्ही रॅकेटी सकाळच्या मॅचमध्ये गेल्या. गटिंगवाला म्हणतो दुपारनंतर. एक बांधून दे ना."

"हिची मॅच कुणाशी आहे?"

"माझ्याशी," माझी मुलगी म्हणाली.

मी त्या मुलीकडे बघितलं. वडोदऱ्याकडची होती, वडिलांबरोबर आली होती, आणि वडील दुसरी रॅकेट उसनी मिळते का बघत हॉलभर फिरत होते. तिने तारेचं पाकीट पुढे केलं. सगळ्यात बारीक तार. "सत्तावीस, आंटी. प्लीज."

मी रॅकेट मशीनवर चढवली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात येऊन गेलं. सत्तावीसऐवजी पंचवीस ठेवलं तर कुणाला कळणार होतं? मनात आलं आणि मी हँडल सत्तावीसवर लावलं. उभ्या तारा झाल्या, आडव्या सुरू झाल्या. सहा-सात ओळी झाल्या असतील. घाई होती, हात भरभर चालत होता. नाना शेजारी पायरीवर बसले होते. त्यांनी नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि दुसऱ्या ओळीवर थांबले.

"आठे ढिल शे."

मी घड्याळ बघितलं. ती ओळ परत ओढायची तर वरच्या सगळ्या ओळी सोडाव्या लागणार होत्या. बारीक तार सोडून परत ओवली की तिला खरचटतं, म्हणून सोडणंही जपून. मी खाली वाकून, त्यांना ओठ दिसतील असं, हळूच म्हटलं, "नाना, ही आपल्या पोरीची नाही. समोरच्या मुलीची आहे. जिच्याशी आपली पोर खेळणार, तिची."

त्यांना नीट कळलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी परक्या भाषेत बोलले.

"ताराले काय मालूम, कोन्ही शे?" ते म्हणाले. तारेला काय ठाऊक, ती कुणाची आहे?

मी सगळ्या ओळी सोडल्या. एकेक, सावकाश, तार एकमेकींवर घासू न देता. मग दुसऱ्या ओळीपासून परत ओढत आले. ती उंच मुलगी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. माझी मुलगी तिला पाणी देत होती आणि दोघी गुजरातीत काहीतरी बोलत होत्या. शेवटची गाठ मारली तेव्हा सामन्याला पंचवीस मिनिटं उरली होती. नानांनी परत अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रॅकेट स्वतःच्या हाताने त्या मुलीला दिली. तिने ती तळहातावर आपटली. काय आवाज आला! तिच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला आणि ती वाकून नानांच्या पाया पडली.

सामना तीन गेमचा झाला. पहिला आमच्याकडे, दुसरा तिच्याकडे. तिसऱ्यात अठरा-अठरा. मी माझ्या आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. प्रत्येक वेळी ती उंच मुलगी स्मॅश मारायची आणि माझं एक मन म्हणायचं, तुटू दे. दुसरं म्हणायचं, तुटू नको, मी बांधलंय तुला. माझी मुलगीही सुंदर खेळली. तिचं प्रत्येक शटल मध्यावर बसत होतं, ते मला बाकावरून डोळे मिटूनही कळत होतं. एकोणीस-एकोणीस. वीस-एकोणीस त्यांच्याकडे. मग एक लांबलचक रॅली झाली, दोघी दमून वाकल्या होत्या, आणि त्या मुलीने कोपऱ्यात असा स्मॅश मारला की माझी मुलगी जागेवरून हललीच नाही.

तार टिकली होती.

मुलगी जाळ्यापाशी गेली, हात मिळवला, आणि सरळ आमच्याकडे आली. मला वाटलं रडेल. ती बाकावर बसली, तिने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. मग तोंड वर काढून म्हणाली, "आई, शेवटचा स्मॅश ऐकलास? तसा आवाज माझ्या रॅकेटीला कधी आला नाही." मी म्हटलं, "तू पंचवीसवर खेळतेस." ती म्हणाली, "हो, आणि पंचवीसवरच खेळणार. पण तू काय बांधलीस गं!"

नानांना स्कोअर कळला नव्हता. त्यांनी खुणेने मला विचारलं. मी मान आडवी हलवली. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तिनी तार?" म्हणजे त्या मुलीची. मी सांगितलं, शाबूत आहे. त्यांनी समाधानाने मान डोलावली. मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. माझी मुलगी हरली होती. पण जिच्याकडून ती हरली, तिच्या हातात रॅकेट तिनेच मिळवून दिली होती. पंधरा वर्षांची असताना आजोबांवर ओरडणारी ती हीच मुलगी.

पुढे दोघींची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली. तिथल्या सरांनी त्यांना दुहेरीत एकत्र खेळवून बघितलं आणि जोडी जमली. आता दोघी कॉलेजात आहेत, वेगवेगळ्या शहरांत, पण स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ती उंच मुलगी आमच्याकडे राहायला येते. दोघी जेवताना ताणावरून वाद घालतात, निम्मा गुजरातीत, निम्मा मराठीत. एकीला सत्तावीस हवं, दुसरीला पंचवीस. मी दोन्ही बांधते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने स्वतः मशीनवर बसून पहिली रॅकेट बांधली. अर्ध्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं की एका ओळीत तार दोन तारांवरून एकदम गेली आहे. तिने कुणाला विचारलं नाही. सुटलेली तार हलू नये म्हणून पंखा बंद केला, पुढे वाकली आणि ओळी सोडायला लागली.